पातेलं निवेपर्यंत

माझ्या थोरल्या बहिणीला थोडकं शिजवता येत नसे. दोन माणसांपुरतं कर म्हटलं की ती गोंधळायची आणि हात आपोआप मोठ्या पातेल्याकडे जायचा. ते पातेलं म्हणजे काय सांगू, त्यात तान्ह्या मुलाची आंघोळ झाली असती. जाड बुडाचं, खोल, दोन्ही बाजूंना कड्या, आणि झाकण इतकं घट्ट की बसवताना दाबावं लागे आणि काढताना शिव्या द्याव्या लागत. शिव्या मी द्यायचो. ती फडक्याने धरून एका झटक्यात काढायची.

गल्लीत सगळे तिला आक्का म्हणत, तिच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. मी तिच्याहून नऊ वर्षांनी धाकटा. आमची आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि आक्का सोळाची. त्या दिवसापासून मला तिने खाऊ घातलं, एवढं एक वाक्य पुरे. पुढे तिचं लग्न झालं, माझं झालं, डोकी पांढरी झाली, तरी दार उघडलं की तिचा पहिला शब्द ठरलेला: "जेवलास का?" ये नाही, बस नाही, कसा आहेस नाही. जेवलो म्हटलं तर म्हणायची, "कधी?" मला ती बारक्या म्हणते. माझं वजन नव्वद किलो आहे.

मी फ्रिज दुरुस्त करतो. चाळीस वर्षं हेच केलं. लोकांना वाटतं फ्रिज म्हणजे गारवा तयार करणारं कपाट. अहो, फ्रिज गारवाबिरवा काही तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलतो आणि मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, हमालासारखा. तुम्ही उकळतं पातेलं आत सरकवलंत की त्या हमालाच्या पाठीवर दुप्पट ओझं. मग कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही, वर बर्फाचा डोंगर साचतो, खाली बाकीचं सामान कोमट होतं, आणि एक दिवस साहेब कायमचे गप्प होतात. मग बोलवा मला. मी जायचो, फ्रिज भिंतीपासून ओढायचो आणि घरच्या बाईला पहिला प्रश्न टाकायचो, "गरम भांडी ठेवता ना?" दहांतल्या आठ जणी खाली बघायच्या. उरलेल्या दोघी खोटं बोलायच्या. मला त्यात मजा वाटायची, खोटं कशाला बोलू.

पातेलं पूर्ण निवल्याशिवाय फ्रिजमध्ये जायचं नाही. हा माझा नियम. घरोघर तो सांगत फिरलो. बहुतेक बायका मान डोलवायच्या आणि माझी पाठ फिरली की करायचं तेच करायच्या. पालथ्या घड्यावर पाणी. एका घरात मात्र तो नियम दगडावर कोरल्यासारखा पाळला गेला, आणि ते घर आक्काचं.

त्याला कारण होतं. आक्काच्या घरचा फ्रिज मी बनवलेला. विकत घेतलेला नव्हे, बनवलेला. तीन मेलेल्या फ्रिजांचे अवयव काढून एक जिवंत केला होता: एकाची पेटी, दुसऱ्याचा कॉम्प्रेसर, तिसऱ्याचं दार. दाराचा रंग पेटीशी जुळत नव्हता. दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, म्हणायचे, "हा फ्रिज नाही, आघाडीचं सरकार आहे. पडत नाही तोवर चालवून घ्यायचं." तो फ्रिज एकवीस वर्षं पडला नाही. मला त्याचा किती अभिमान होता हे सांगायलाही आता लाज वाटते. त्या घरी गेलो की मी आधी फ्रिजच्या पाठीला हात लावायचो, मग माणसांशी बोलायचो.

आणि आक्काला माझा अभिमान. शाळेत मी ढ होतो. मास्तरांनी तिला बोलावून सांगितलं होतं की हा पोरगा कुठेच लागणार नाही. तो लागला, हाताला कसब आलं, आणि तिच्या लेखी मी फ्रिजचा डॉक्टर झालो. शेजारणीने कधी कोमट भांडं फ्रिजमध्ये ठेवलेलं दिसलं की आक्का तिला सुनवायची, "माझा भाऊ यातलाच आहे, तो काय सांगतो ते ऐक." बाबा वाक्यं प्रमाणम्. तिच्या घरात अकरा-साडेअकराला पातेलं चुलीवरून उतरायचं, ओट्यावर लोखंडी कड्यावर बसायचं, माशी-धूळ नको म्हणून झाकण घट्ट दाबलेलं, आणि संध्याकाळपर्यंत तिथेच. संध्याकाळी ती पातेल्याच्या पोटाला तळवा लावून बघायची, मुलाचा ताप बघावा तसा. "निवलं," म्हणायची, आणि मग ते आत जायचं. त्याच्यासाठी मधला कप्पा मीच काढून दिला होता.

इतकी वर्षं कुणाला काही झालं नाही. झालं असेल तर ते हवेवर, पाण्यावर किंवा बाहेरच्या खाण्यावर गेलं. आक्काच्या पातेल्यावर संशय घ्यायची कुणाची छाती नव्हती.

दाजी छापखान्यात मुद्रितं तपासायचे. चुका शोधणं हाच त्यांचा धंदा. कानामागे लाल पेन्सिल, आणि घरात आलेला कुठलाही कागद, अगदी औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा, ते दुरुस्त करूनच खाली ठेवायचे. शांत माणूस. बायकोने काय वाढलं, किती वाढलं, यावर जन्मात एक शब्द काढला नाही. पातेलं बाराजणांचं आणि जेवणारे दोघे, तरी गडी मुकाट्याने तीन दिवस तेच खायचा. एकदा मला हळूच म्हणाले, "बारक्या, तुझ्या फ्रिजमुळे मला मंगळवारचा रस्सा गुरुवारीही भेटतो. तुझे उपकार कसे फेडू?"

निवृत्त झाले आणि दोन वर्षांत त्यांना रक्ताचा आजार निघाला. आठ महिने उपचार चालले. केस गेले, भुवया गेल्या, तोंडाची चव गेली. आक्का पातेलं भरभरून शिजवायची आणि ते दोन घास खाऊन चमचा खाली ठेवायचे. ती माझ्याकडे बघायची, मी भिंतीकडे. पण नववा महिना लागला आणि तपासण्या स्वच्छ आल्या. हॉस्पिटलमधली तरुण डॉक्टरीण हसून म्हणाली, "आजार मागे हटलाय. आता फक्त जपा. यांच्या अंगात सध्या प्रतिकारशक्ती नावालाही नाही. आणखी दोन महिने काढलेत की जिंकलात." आणि तिने काय खावं, काय टाळावं, याचा एक छापील कागद दिला.

दाजींनी तो घरी नेऊन नेहमीप्रमाणे वाचला. दोन ठिकाणी लाल पेन्सिल मारली. आणि एका ओळीखाली सरळ रेघ ओढून आक्काच्या हातात दिला. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत थंड करून फ्रिजमध्ये ठेवावं, अशी ती ओळ होती.

आक्काने मला बोलावून घेतलं. उन्हाळा असा होता की घरातला पंखा गरम वारा फेकत होता. मी गेलो, जेवलो, आणि ताटावरच होतो तेव्हा तिने कागद पुढे केला.

"बारक्या, हे बघ. यात दोन तास म्हणतात. आपलं पातेलं तर दोन तासांत निवत नाही. गरमच ठेवू का आत?"

मी कागद हातातसुद्धा घेतला नाही. हाताला खरकटं होतं. मी म्हणालो, "हॉस्पिटलवाल्यांना कॉम्प्रेसर कशाशी खातात ते माहीत आहे का? या उन्हात आधीच त्याला धाप लागलीये. त्यात तू गरम पातेलं घालणार. आतली दाजींची इंजेक्शनं तापून बिघडली म्हणजे? निवू दे नीट. मग ठेव, नेहमीसारखं."

"तसं नाही, यांनी मुद्दाम रेघ मारलीये म्हणून विचारलं."

"अगं, मी चाळीस वर्षं काय भजन करतोय का?"

दाजी खाटेवर उशीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "बारक्या, नक्की ना?"

"दाजी, नक्की."

त्यांनी आक्काकडे पाहून मान हलवली. छापखान्यात ते पोरांना सांगायचे, शंका आली की माणसाला विचारू नका, मूळ प्रत बघा. त्या दिवशी मूळ प्रत आक्काच्या हातात होती आणि त्यांनी माणसाला विचारलं.

मी जे बोललो ते अर्धं खरं होतं, हेच तर वाईट. गरम मोठं पातेलं आत ठेवलं की बाकीचं सामान तापतं, ही काही थाप नव्हे. पण त्यावर उपाय एका श्वासात सांगण्याइतका सोपा होता. पातेलं ठेवूच नको, पसरट ताटांत ओत, परातीत गार पाणी घेऊन त्यात ताटं ठेव, जरा ढवळ, वाफ गेली की आत. बस्स. आणि हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. फ्रिजच्या जाळीला पातळ पाती कशासाठी असतात? उष्णता पसरून लवकर निघून जावी म्हणून. नवशिक्यांना मी हे खडू घेऊन फरशीवर काढून दाखवत आलोय. पण माझं शहाणपण फ्रिजच्या दारापाशी संपायचं. पातेल्यात काय चाललंय हे बायकांचं काम, असं मी धरून चाललो होतो. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस बघायचा असेल तर मला बघा.

आणि आणखी एक. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तो कॉम्प्रेसर शेवटच्या घटका मोजत होता, मला त्याच्या आवाजावरून कळत होतं. माझा फ्रिज माझ्या हयातीत पडू नये, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं.

पुढच्या आठवड्यात दाजींना भूक लागली. आठ महिन्यांत पहिल्यांदा ते आपण होऊन म्हणाले, "आज कोंबडीचा रस्सा कर, भात कर." आक्काने मला दुकानात फोन केला. बोलता बोलता ती रडली. "मागून खाल्लं रे त्यांनी," म्हणाली. "दोन वाट्या. भात वेगळा." मी म्हटलं, "मला ठेव थोडा." ती म्हणाली, "थोडा कशाला, पातेलंभर आहे." मला जायला जमलं नाही.

पातेलं ओट्यावर बसलं, झाकण दाबून, संध्याकाळपर्यंत. बाहेरची हवाच इतकी तापलेली की तळव्याला पातेलं गार काय आणि कोमट काय. ती म्हणाली निवलं आणि आत ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने रस्सा चांगला खळखळून उकळला. त्या बाबतीत ती फार काटेकोर. दाजी पुन्हा पोटभर जेवले. त्यांच्यानंतर ती जेवली.

दुपार कलायच्या आत त्यांच्या पोटात कळा सुरू झाल्या. मग उलट्या, मग जुलाब, मग अंगात पाणीच उरेना. आम्ही त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं. आक्कालाही तोच त्रास होत होता, पण ती बाकावर पोट दाबून बसली आणि कुणाला बोलली नाही. तिचं एका दिवसात थांबलं. तिचा मुलगा, माझा भाचा, दुसऱ्या शहरात इमारतींचे नकाशे काढतो. तो मिळेल त्या गाडीने आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तरुण डॉक्टरीण बाहेर आली. आता हसत नव्हती. काय खाल्लं, कधी शिजवलं, सगळं विचारलं. आक्काने सांगितलं. मी आक्काच्या डाव्या बाजूला उभा होतो, भाचा उजव्या.

"शिजल्यावर बाहेर किती वेळ होतं?"

"संध्याकाळपर्यंत."

"एवढ्या मोठ्या खोल भांड्यात? झाकून?" मग हळू आवाजात तिने समजावलं की असं भांडं वरून गार लागलं तरी मधे तासन् तास कोमट राहतं, आणि जंतूंना तेच हवं असतं. आक्का म्हणाली, "पण मी उकळलं होतं हो." त्यावर ती म्हणाली की उकळून बरेच जंतू मरतात, पण काहींनी आधी सोडलेलं विष उकळून जात नाही. धडधाकट माणूस दोन दिवसांत उठून बसतो. यांच्या अंगात ती ताकद नाही.

"मी तुम्हाला कागद दिला होता ना?"

"दिला होता."

"मग?"

आता सांगेल, असं मला वाटलं. तिने माझ्याकडे वळून पाहिलंसुद्धा नाही. समोर फरशीकडे बघत म्हणाली, "विसरले."

मी तिथे होतो. हाताच्या अंतरावर. मनात म्हटलं, आत्ता वेळ नाही, दाजी बरे होऊ देत, मग सांगू. माणूस स्वतःला काय काय पटवतो.

चौथ्या दिवशी सकाळी दाजी गेले. रक्ताची शेवटची तपासणी नंतर हातात आली. तीही स्वच्छ होती.

माणसं येऊन गेली, घर रिकामं झालं, आणि भाच्याने तो कागद शोधून काढला. बापाने मारलेली लाल रेघ त्याने पाहिली. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "आई, एक ओळ होती. त्यांनी रेघसुद्धा मारून दिली होती तुला." आक्का कपड्यांच्या घड्या करत होती. ती करतच राहिली. मी खुर्चीवर बसलेला. मामा म्हणून माझ्या खांद्यावर डोकं ठेवून तो पोरगा रडला, आणि मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. याच हाताने.

त्यानंतर तो दोनदा आला. दोन्ही वेळा येताना बाहेरून डबा घेऊन आला. आईच्या घरात बसून बाहेरचा डबा उघडून खाल्ला. आक्काने त्याला पाणी दिलं, ते तो प्यायला. मग यायचाच बंद झाला. पंधरा दिवसांनी फोन करतो. "बरी आहेस ना? ठेवतो." आपलेच दात, आपलेच ओठ, कुणाला काय म्हणायचं?

आक्काने पातेलं मला देऊन टाकलं. "भंगारात घाल," म्हणाली. मी ते दुकानात नेलं. माझ्याकडे उष्णता मोजायचं यंत्र आहे, तारेच्या टोकाला सुईसारखी कांडी असलेलं. हजारो फ्रिजांत घातलं, पातेल्यात कधी घातलं नव्हतं. मी पातेलंभर पाणी उकळलं, कांडी मधोमध सोडली, तार कडेवर घेऊन झाकण दाबलं आणि समोर स्टुलावर बसलो. दोन तासांनी आकडा सत्तरच्या वर होता. चार तासांनी पंचावन्नच्या पुढे. संध्याकाळी पातेल्याला तळवा लावला तर हाताला जेमतेम कोमट लागलं, आणि आत पंचेचाळीस. हे नुसतं पाणी. दाट रस्सा तर याहून सावकाश निवतो. मग तेवढंच पाणी उकळून मिळतील तेवढ्या पसरट ताटांत ओतलं आणि गार पाण्याच्या परातींत ठेवलं. पाऊण तासही लागला नाही. दुकानात गिऱ्हाईक आलं होतं, त्याने विचारलं, "काय तपासताय?" मी म्हणालो, "काही नाही." पातेलं भंगारात गेलं नाही. अजून माझ्या दुकानात मांडणीच्या खाली आहे.

त्या दिवसापासून आक्काची चूल बंद. खरं सांगतोय, बंद. ओटा पुसून त्यावर वर्तमानपत्र अंथरलंय. सकाळी पाव आणि दूध, संध्याकाळी पाव आणि फळ. दूध लागतं तेवढंच आणते, उरलं तर ओतून देते. जिने आयुष्यात एक घास वाया जाऊ दिला नाही ती बाई अर्धा पेला दूध मोरीत ओतताना मी पाहिली. चेहऱ्यावर काही नव्हतं. फ्रिजची पिन काढून तिने दाराच्या फटीत फडक्याची गुंडाळी ठेवली, वास धरू नये म्हणून. ही युक्तीसुद्धा मीच तिला शिकवली होती. माझा फ्रिज शेवटपर्यंत पडला नाही बरं का. त्याला हाताने बंद करावं लागलं.

मी आठवड्यातून दोनदा जायचो. ती दार उघडायची आणि बाजूला सरायची. "जेवलास का" हा शब्द त्या घरातून दाजींबरोबर गेला. आम्ही समोरासमोर बसायचो. लाइट गेले होते का, नळाला पाणी किती वेळ आलं, समोरच्यांनी खिडकीला नवा रंग दिला. त्या ताटाबद्दल, त्या कागदाबद्दल आम्ही दोन वर्षं एक अक्षर काढलं नाही.

परवा दुपारी भाच्याचा फोन आला. त्याला मुलगी झालीये, सात महिन्यांची. आक्काने तिला फोटोत पाहिलंय. फोनवर तो खुशीत होता.

"मामा, एक विचारायचंय. छकुलीला आता वरचं खाणं सुरू केलंय. हिचं ऑफिस असतं, म्हणून दोन वेळचं एकदम शिजवून फ्रिजमध्ये ठेवायचं म्हणतेय. ते गरम ठेवायचं की निववून? तूच सांग बाबा, तू यातला माहीतगार. मला फार भीती वाटते, तुला माहीतच आहे."

मी सांगितलं. मोठ्या भांड्यात ठेवू नका. पसरट भांड्यात पातळ थर करा, भांडं गार पाण्यात ठेवा, ढवळा, वाफ गेली की झाका आणि आत ठेवा. दोन तासांच्या आत. दारात नको, आतल्या बाजूला. दुसऱ्या दिवशी संपवा. लागेल तेवढंच बाहेर काढा, एकदाच चांगलं गरम करा, उरलं तर टाका, परत आत नाही. घडाघडा सांगितलं, शाळेतल्या कवितेसारखं. त्याने लिहून घेतलं. कागदावर पेन चालल्याचा आवाज मला येत होता.

मग तो म्हणाला, "मामा, हे एवढं सोपं आहे?"

"हो."

"मग तू आईला कधी सांगितलं नाहीस का रे? की सांगूनही तिने ऐकलं नाही?"

मी म्हणालो, "अरे, तिला..." आणि पुढे गाडी गेली नाही.

"जाऊ दे," तो म्हणाला. "तिचा हेका मला माहीत आहे. तू कशाला वाईट वाटून घेतोस?"

फोन ठेवला आणि दुकान तसंच उघडं टाकून मी आक्काकडे गेलो. शेजारच्या टायरवाल्याने हाक मारली, मी थांबलो नाही. आक्काने दार उघडलं, बाजूला सरली. मी बसलोच नाही. भाचा काय काय बोलला ते सगळं तिला सांगितलं, त्याचा शेवटचा प्रश्न आणि माझं अर्धं तुटलेलं उत्तरसुद्धा. मग खिशातून फोन काढला.

"आक्का, मी त्याला खरं सांगतो. आत्ता, तुझ्यासमोर. कागद तू मला दाखवला होतास. नको म्हणणारा मी. तू विसरली नव्हतीस."

दोन वर्षांत हे पहिल्यांदा आमच्यात बोललं गेलं. मला वाटलं ती रडेल, किंवा मला दोन थोबाडीत देईल. लहानपणी द्यायची. मला तो मार हवा होता.

ती म्हणाली, "छकुलीच्या जेवणाचं नीट सांगितलंस ना त्याला?"

"सांगितलं."

"काय सांगितलंस? मला सांग."

मी परत सगळं म्हणून दाखवलं. ती मन लावून ऐकत होती, मी दुकानातली गोष्ट सांगायचो तेव्हा ऐकायची तशी. मधेच तिने विचारलं, "पातळ थर म्हणजे किती?"

मी दोन बोटं आडवी धरून दाखवली. ती त्या दोन बोटांकडे बघत राहिली.

"एवढंच?"

"एवढंच, आक्का."

तिने मान हलवली. खिडकीपाशी जाऊन उगाच पडदा सरळ केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "फोन ठेव खिशात."

"नाही, आज मी सांगणारच."

"ऐक माझं. तो तुझं ऐकतो अजून. लिहून घेतलंय म्हणालास ना? उद्या त्याला कळलं की आधीचंही तुझंच होतं, तर हे तरी खरं कशावरून, असं येईल त्याच्या मनात. मग पोरगी जेवायला बसली की तो कुणाचं ऐकेल?" तिचा आवाज एकदम साधा होता, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा. "तिला माझ्यासारखी आजी आहे म्हणून तर ते जपतायत. जपू देत."

"आणि तू? तुझं काय?"

"माझं काय रे. मला आता कुठे कुणाला वाढायचंय?"

मी फोन खिशात ठेवला. खरं लिहायचं तर पूर्ण लिहितो: ठेवताना मला हायसं वाटलं. माझी बहीण माझ्या वाटणीचं पाप डोक्यावर घेऊन मरणार हे पक्कं झालं, आणि माझे खांदे हलके झाले. मग त्या हलकेपणाची अशी किळस आली की तिथे उभं राहवेना.

ती दारापर्यंत आली. जिन्यात अंधार असतो, जपून जा म्हणाली. मी एक पायरी उतरून थांबलो आणि मागे वळून पाहिलं. मला वाटलं, आज विचारेल. तीन वाजायला आले होते, मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, आणि हे तिला माझ्या तोंडाकडे बघून कळलं होतं. कळत नाही असं कधी झालंच नाही. तिने ओठ उघडले, मिटले, आणि दार लावून घेतलं.